दोन घागरींचा कायदा आणि एक परंतु

वाडी (मुरुडच्या अलीकडं),
वैशाखातला दुसरा सोमवार

चि. विरूपाक्षास गौराक्काचा आशीर्वाद, अन् घरातल्या लहानथोरांना शरणार्थ. आम्ही सगळे खुशाल. खुशाल म्हंजे घसा कोरडा अन् जीभ चालू. दिल्लीचं पाणी तुला मानवत न्हाई म्हणतोस, तर नको असलेलं इकडं पाठव. आपला जिल्हा नवा झाला, त्याचा फायदा लई झाला बघ. आधी पाणी न्हाई हे ऐकायला उस्मानाबादेला जावं लागायचं, आता लातुरातच सांगतात.

तुझं चार पानी पत्र पोचलं. तू दिल्लीत कायदे टाईप करतोस एवढंच आम्हाला ठाऊक होतं. आता साहेबलोकांच्या फायली उचलत युरोपातबी जाऊन आलास. तिथं काय खाल्लंस ते लिहिलं न्हाईस, बायकोचा दमा कसाय ते लिहिलं न्हाईस, अन् कायदा कसा करतात ह्याची चार पानं! (तिसरीत मास्तरनं तुला कोंबडा केला तो ह्याच सवयीपायी.) पण वाया गेलं न्हाई. आमच्या हिरीत टँकर दुपारनंतर रिता होतो, अन् घागरी सकाळपासनं रांगेत असतात. तिथं बसून मी पत्र मोठ्यानं वाचलं. आपल्या जागी घागर बसवून बाया घरी जातात हे सांगितलं, तेव्हा तुझं प्रतिनिधी का काय ते लगेच समजलं सगळ्यांना. रिकामी असती तोवर आपली, अन् भरली की दुसऱ्याच्या कडेवर.

आदल्या दिवशी सरजाबाईनं नऊ घागरी लावल्या होत्या. सरजाबाई म्हंजे आमच्या भिंतीला भिंत. लेकाचे सासरे-मेव्हणे आलेत म्हणे. पाहुणे कुणाला दिसले न्हाईत, घागरी दिसल्या. म्हणून मी ठरवलं, तुझ्या दिल्लीवाणी आपणबी कायदा करू. एका चुलीला दोन घागरी, पाहुणा असो नसो. तू लिहिलंस, पहिल्या वाचनाला नुसतं नाव वाचायचं, चर्चा करायची न्हाई. सरजाबाईनं नावावरच तासभर चर्चा केली. दुसऱ्या वाचनाला एकेक कलम घ्यायचं, तर घागर म्हंजे केवढी इथंच गाडं अडलं. सरजाबाईची घागर बघशील तर त्यात रेडकू बसंल.

मधीच नागम्मा बोलली. (वरच्या गल्लीतली म्हातारी. तुला लहानपणी गुळाचा खडा द्यायची ती.) म्हणाली, "पोरीहो, एक परंतु टाका. कुणाची लेक बाळंतपणाला आली तर?" मी तिला तिथंच गप केलं. म्हणलं, म्हातारे, परंतु म्हंजे कणगीला पडलेलं भोक. आज लेक शिरंल, उद्या जावई, परवा सरजाबाईचे मेव्हणे. कायदा कसा काठीवाणी सरळ पाहिजे. सगळ्यांनी माना डोलावल्या अन् मला लई बरं वाटलं.

मग आवाजी मतदान. बारा जणी "हाव" म्हणल्या, सरजाबाई एकटीच "न्हाई" म्हणली, अन् तिचाच आवाज मोठा आला. शेवटी हात वर करायला लावले. खालची गल्ली झाली, मग वरच्या गल्लीत गेलो, कारण तुझ्या पत्रात वरचं सभागृह हाय. त्यांनी विचार करतो म्हणून दोन दिवस लावले अन् एक काना बदलून परत दिला. (वरचं सभागृह कशाला असतं ते तू लिहिलं नव्हतंस. आता कळलं.) सहीला राष्ट्रपती पाहिजे, म्हणून वाडीत सगळ्यांत म्हातारी कोण, तर नागम्माच. तिनं विभूतीत अंगठा बुडवून उठवला. कायदा तुझ्याच पत्राच्या पाठीवर लिहिलाय, तेव्हा पत्र परत मागू नकोस.

लगेच पलीकडच्या वाडीचे किशनराव आले. म्हणाले, "गौराक्का, टँकर चार वाड्यांचा. तुमचा कायदा तुमच्या शिवेपुरता." अन् त्यांनी चार वाड्यांची एक सभा भरवली. अगदी तुझा युरोप! तिथं दहा देश एका जागी बसतात अन् निवडून दिलेल्या लोकांनी नुसतं मत द्यायचं, ठरवायचं ते मंत्र्यांनी दार लावून, असं तू लिहिलंस. इथंबी तसंच. आम्ही बायांनी उन्हात मत दिलं, अन् चौघा कारभाऱ्यांनी आत बसून ठरवलं. आत चहा झाला. कुणाच्या घागरीतला ते अजून जाहीर झालं न्हाई.

तुझ्या दहा देशांना सात भाषा, आमच्या चार वाड्यांना तीन. आम्ही घागर म्हणतो, उदगीरकडच्या सुना बिंदगी म्हणतात, किशनरावाच्या वाडीत हंडा. एकमत होईना म्हणून कागदावर लिहिलं, "प्रत्येक चुलीस दोन भांडी." दुसऱ्या दिवशी सरजाबाई दोन पिंप घेऊन हजर! म्हणली, "ही भांडी न्हाईत तर काय देव हाईत?" परत सभा. शेवटी ठरलं, भांडं म्हंजे काय ते ज्या त्या वाडीनं आपल्या शब्दात लिहून घ्यावं. आम्ही लिहिलं, घागर. पाहुणा असो नसो. मीच लिहिलं, दोनदा गिरवलं, अन् सरजाबाईला तोंडावर वाचून दाखवलं. असा तुझ्या चार पानांचा उपयोग झाला.

जिवाला जप. बायकोच्या दम्याचं लिही.

तुझी अक्का,
गौरम्मा

ता.क. – एक बारकं काम हाय. आपली लेक उमा गेल्या गुरुवारी आलीय, पहिल्या बाळंतपणाला. आठवा लागलाय. दोन घागरीत आम्ही पाच जणं कसेबसे भागवतो. बाळंतिणीला न्हाऊ-माखू कशानं घालू? तेव्हा दिल्लीच्या भाषेत एक परंतु टाईप करून पाठव, जाड कागदावर. "परंतु असे की" म्हणून सुरू कर, म्हंजे बाया उठून उभ्या राहतील. त्यात पहिलटकरीण लेक बसली पाहिजे अन् सरजाबाईचे मेव्हणे बसता कामा नयेत. तारीख माझ्या कायद्याच्या आधीची घाल.

दुसरा ता.क. – पाकीट चिकटवत होते, तेवढ्यात नागम्मा आली. तिच्या दोनातली एक भरली घागर उंबऱ्यावर ठेवली. म्हणली, "उमाच्या नावानं रोज ही ठेवत जाईन." मी म्हणलं, कायद्यात बसत न्हाई. तर म्हणती, "मला कुठं वाचता येतं बाई?" अन् गेली. तरी परंतु लवकर पाठव, म्हातारी एका घागरीवर किती दिवस काढील? अन् खाली लिही की हा परंतु मूळ नागम्मानं सुचवला होता. नको, लिहू नकोस. सरजाबाईला वाचता येतं.