कोपरा फाटलेलं कार्ड

॥ श्री ॥
बालाघाट, ७ सप्टेंबर १९६२

ती. स्व. मधुदादास,
आशालताचा कृ. सा. न. वि. वि.

पंधरा दिवस झाले, मी सासरहून, किरनापूरहून, आईजवळ येऊन राहिले आहे. तिच्या पोटात आता पाण्याशिवाय काही ठरत नाही. डॉक्टर नागपूरला न्या असंही म्हणत नाहीत, यावरून काय ते समज.

जकार्त्याची बातमी तिकडे तुमच्या फुटबॉल क्लबाच्या कचेरीत गाजली असेल. इथे आपल्या धाकट्या शरदने ती शेजारच्या रेडिओवर ऐकली आणि आईच्या खाटेशी बसून सगळं सांगितलं. कोरियावर दोन-एक, आशियाचं सोनं, डोक्याला टाके पडलेला आपला बॅक पुढे खेळला आणि त्याने गोल केला. मग नेहमीप्रमाणे मागचंही आलं: दिल्लीचं सोनं, हेलसिंकीत खाल्लेले दहा गोल, मेलबर्नचा चौथा नंबर. घरातल्यांची लग्नं कोणत्या साली झाली ते त्याला आठवत नाही, पण हे पाठ आहे. मेलबर्नचं नाव निघताच आई रडू लागली. तो भरवेलीला खाणीच्या ऑफिसात गेल्यावर तिने मला कारण सांगितलं.

छप्पन साली माझ्या हळदीच्या सकाळी तुझं एक कार्ड आलं होतं. तिला वाचता येत नाही, पण पत्त्यावरचं अक्षर तुझं, म्हणजे तू सुखरूप, एवढं तिने ओळखलं. पण कार्डाचा कोपरा फाटलेला होता. कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे मयताचं, ते आपल्याकडे घरातसुद्धा आणत नाहीत, तुला माहीतच आहे. मांडवात ते वाचलं गेलं असतं तर सुतक लागून माझं लग्न मोडलं असतं. तिने ते कोणाला न दाखवता चुलीत घातलं. पुढे कोणी गेल्याचं कळलं नाही, तेव्हा ती भीतीने गप्प बसली. पण त्याच उन्हाळ्यापासून तू आणि शरद एकमेकांशी बोलत नाही, हे तिने मनात जोडून ठेवलं आहे. शरदचं म्हणणं एकच, की दादाने शब्द देऊनही मेलबर्नसाठी माझं नाव पुढे केलं नाही.

आई म्हणते, “आशे, शरदले सांगू नको. मी गेल्यावर सांगजो.” मी तिला वचन देऊन बसले आहे. दादा, त्या कार्डात काय होतं? माझ्या लग्नापायी कोणाचं काय जळलं, ते मला कळू दे.

लोभ आहेच. तो आता शरदकडेही वळावा, एवढंच मागते.
आशालता

॥ श्री ॥
कलकत्ता, ११ सप्टेंबर १९६२

चि. शरद यास अनेक आशीर्वाद.

सहा वर्षांनी तुझं नाव लिहितो आहे. आशालताने आईला वचन दिलं आहे, मी दिलेलं नाही, म्हणून मीच सांगतो. तिच्या हळदीच्या दिवशी माझं एक कार्ड आईने मयताचं समजून जाळलं. मेलबर्नच्या निवडीआधीच्या सरावाला तुला बोलावलं आहे, असं त्यात होतं. लग्न आटोपलं की नीघ, बूट घेऊन ये, मी हावड्याला येतो.

मी तीन दिवस मेलच्या वेळेला फलाटावर उभा राहिलो. निवडणाऱ्यांपुढे तुझी हमी घेतली होती. तू आला नाहीस, दोन ओळी आल्या नाहीत. तू कच खाल्लीस असं मी धरून चाललो आणि ताठ्यापायी विचारलं नाही. तू मेलबर्नला गेला असतासच असं छातीठोक सांगत नाही. बोलावलेल्यांतले पुष्कळ जण परत गेले. पण तसं परत जाण्याचाही तुझा हक्क होता.

आता आईला दोष देण्याआधी पुढचं वाच. कोपरा टपालात फाटला नव्हता. लिहिताना दौत कलंडली, कोपऱ्यावर शाई सांडली. टपाल निघायला दहा मिनिटं होती, दुसरं कार्ड हाताशी नव्हतं. तो कोपरा मी माझ्या हाताने फाडला. त्याचा आपल्याकडे काय अर्थ होतो, ते त्या घाईत माझ्या मनातसुद्धा आलं नाही. काल आशालताचं पत्र वाचलं तेव्हा आलं.

हे आईला वाचून दाखव. राग माझ्यावर ठेव, तिच्यावर नको. तुझा लोभ मागायला मला तोंड नाही, तरी मागतो.
मधुकर

बालाघाट, १८ सप्टेंबर १९६२

मधुदादा,

वर श्री नाही आणि कोपरा मी फाडला आहे. तार मिळाली असेलच. आई रविवारी सकाळी गेली.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. मी ते तिला दोनदा वाचून दाखवलं. शाईचं तिने तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग म्हणाली, “म्हंजे तवा कोनी गेलंच नव्हतं ना रे?” मी हौ म्हटलं. तिने माझा डावा पाय खाटेवर ठेवायला लावला आणि घोट्यावरून हात फिरवत राहिली. सामन्याआधी ती तिथेच जुन्या लुगड्याची पट्टी बांधून द्यायची.

राग गेला असं लिहिलं तर खोटं होईल. पण तो धरायचा कोणावर, तेच आता कळत नाही. तुझ्यावर धरून होतो, तर तू फलाटावर उभा होतास.

तेराव्याच्या आत ये. गोंदियाला मेल सोडून छोटी गाडी धर. कोणत्या दिवशी येतोस ते कळवू नकोस, आपल्या घरात कार्डांचा भरवसा नाही. मी रोज गाडीच्या वेळेला स्टेशनवर उभा असेन.

शरद