तीन सह्यांचा करार

प्रिय दादा,

जय भीम. एकोणीस दिवस झाले, तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. शालूवहिनी हे पत्र तुझ्या ट्रकच्या केबिनमधल्या बाबासाहेबांच्या फोटोमागे खोचून ठेवणार आहे. फोन कट करता येतो, तिथला कागद काही तू फेकणार नाहीस.

आधी माझा वैताग ऐक. ट्रकचं डिझेल नेमकं किती वाचतं हे मोजण्यासाठी तीन माणसं एका टेबलाशी आणायला मला अकरा महिने लागले. कॉलेजकडे मोजायची यंत्रं आहेत, ट्रक नाहीत. तुझ्या सेठकडे ट्रक आहेत, वेळ नाही. वाळूजच्या कंपनीकडे केबिनवर बसवायचा, हवा कापणारा टोप आहे, पण त्यानं डिझेल वाचतं याचा पुरावा नाही. तिघांना एकमेकांची गरज, आणि तिघंही उपकार केल्यासारखे वागणार. प्राचार्यांनी करार चार महिने अडवला, कारण कंपनीचं नाव कॉलेजच्या नावाच्या वर छापलं होतं. तुझे सेठ क्रांती चौकातल्या ऑफिसात दोन-दोन तास बसवायचे आणि ‘देखेंगे मॅडम, अगले हफ्ते’ म्हणून परत पाठवायचे. कंपनीच्या साहेबांना तर अहवाल चाचणीच्या आधीच हवा होता. मी प्राध्यापक आहे की सोयरीक जुळवणारी, माझं मलाच कळेना.

शेवटी तीन सह्या झाल्या. त्या दिवशी मी जिलबी घेऊन लासूरला आले होते, आठवतं? सेठच्या दोन सारख्या गाड्या निवडल्या. टोपवाली तुझ्याकडे आली, बिनटोपाची सांडूभाऊंकडे. दोन्हींत सारखाच माल भरायचा, समृद्धी महामार्गावर चढायचं, लासूरकडे उतरून परत फिरायचं आणि डिझेलची सुटी टाकी जाता-येता काट्यावर ठेवायची. यात चुकण्यासारखं काही नव्हतं. तरी तिन्ही वेळा टोपवालीच जास्त डिझेल प्यायली. मी काटा बदलला, टायरची हवा तपासली, वाऱ्याच्या नोंदी उकरल्या, काही सापडेना. मग ती बैठक झाली. साहेब म्हणाले, कॉलेजला मोजताच येत नाही. सेठ म्हणाले, माझ्या गाड्या फुकट अडकल्या. प्राचार्य म्हणाले, गुंडाळा. अकरा महिन्यांत तिघांचं पहिल्यांदा एकमत झालं, तेही माझ्याविरुद्ध. पुढे काय झालं ते तुला माहीत आहे, त्यावर शेवटी येते.

बैठकीनंतर मी गाडीच्या वेगाच्या नोंदी काढून बसले. टोपवाल्या गाडीनं सरळ, मोकळ्या रस्त्यावर सदतीस वेळा ब्रेक मारला होता. मी पुन्हा मोजले, सदतीसच. दादा, तुझी गाडी आणि इतके ब्रेक? मी बारावीला असताना तू मला गाडीत बसवून शहरात क्लासला सोडायचास. गतिरोधक मला दिसायच्या आधी तुझा पाय उचललेला असायचा. ‘सरू, ब्रेक लावला की मागं जाळलेलं डिझेल मातीत गेलं बघ,’ म्हणायचास. मी आज वर्गात जे शिकवते ते पुस्तकात फार नंतर भेटलं, आधी तुझ्या शेजारच्या सीटवर कळलं होतं. म्हणजे हे ब्रेक तू ठरवून मारलेस. माझी नोकरी, माझी इभ्रत, सगळं पणाला लागलेलं, आणि माझाच भाऊ चाचणी पाडतो! इतका संताप झाला की मी तशीच उठून लासूरची गाडी पकडली.

तू खेपेवर होतास. वहिनी भाकरी थापता थापता म्हणाली, ‘ताई, तुमच्या टोपानं अ‍ॅव्हरेज वाढलं की सेठ तेवढं डिझेल कमीच टाकतो का नाय? जपून चालवून चार लिटर उरतं, त्ये बी जाईल. मंग ह्यांनी काय करावं?’ इतकं साधं होतं. सेठ ठरलेल्या अ‍ॅव्हरेजनं डिझेल देणार आणि जपून चालवून उरलेलं ड्रायव्हरचं, ही रीत सगळ्यांना मान्य आहे. मला माहीत नव्हती असं कोणत्या तोंडानं म्हणू? इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला तू आणलेला, आकृत्या काढायचा ड्राफ्टर त्याच उरलेल्या डिझेलचा होता. करारात टायरची हवा आहे, वाऱ्याचा वेग आहे, टोपाची जाडीसुद्धा आहे. गाडी चालवणाऱ्याचं पुढे काय, यावर एक ओळ नाही, आणि तो करार मी लिहिलाय. पण तूही आधी बोलायचं होतंस ना! दर रविवारी तुझ्याकडे जेवायला येते मी, आणि तू निरोप ब्रेकनं पाठवतोस?

आता करार नव्यानं लिहिलाय. चाचणीत काहीही निघो, तीन वर्षं ड्रायव्हरांचं ठरलेलं अ‍ॅव्हरेज वाढवायचं नाही, आणि त्याखाली चौथी सही ड्रायव्हरांची. सेठ फुरंगटून बसलेत. सोमवारी अकरा वाजता कॉलेजात शेवटची बैठक आहे. तिथे जमलं नाही तर कंपनी हे काम दुसऱ्या शहरात नेईल आणि माझं सगळं मुसळ केरात.

पण खरं सांगू, हे पत्र त्या सहीसाठी नाही. त्या बैठकीत तिघं माझ्यावर तुटून पडले तेव्हा मी दाराशी उभ्या असलेल्या तुझ्याकडे आणि सांडूभाऊंकडे बोट दाखवून म्हणाले, या लोकांना डिझेल चोरायची सवयच असते. तू फक्त ‘व्हय, मॅडम’ म्हणालास आणि टोपवाल्या गाडीची चावी टेबलावर ठेवून निघून गेलास. पहिल्या दिवसापासून तू मला चारचौघांत मॅडमच म्हणत आलास. तू माझा मान राखतोस, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. तू माझा भाऊ आहेस हे मी तिथे एकालाही सांगितलं नव्हतं, आणि ते तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं. माझी चूक झाली, दादा. मला फार लाज वाटते. सोमवारी ये. सही करायला ये, करार पटला नाही तर तसं तोंडावर सांगायला ये. फक्त दारातूनच, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, मला ‘सरू’ म्हणून हाक मार.

तुझीच,
सरू