धाकट्याची खसखस

तीर्थरूप आईस,
इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

मी ठीक आहे. खोलीत ऊन येतं, बागेचा मालक माणूस बरा आहे. तुझा गुडघा कसा आहे?

पत्र पोचलं. धाकट्याची खसखस कमरेएवढी झाली, परसदार फुलांनी लाल झालं, बोंडं वाळून खुळखुळू लागली, हे चार वेळा वाचलं. अक्षर त्याचंच, तेव्हा एवढं कौतुक तू सांगितलंस की त्यानं पदरचं घातलं, देव जाणे. बियांचा डबाही तू त्याच्या हवाली केलास. इतकी वर्षं बोंडांना फडकी बांधली ती मी! सकाळी देवापुढे बसलो आणि मनात आलं, लागू दे त्या डब्याला कीड. लगेच कान धरला.

आणखी एक कबूल करतो. माझी फुलं डोलताहेत असं मागे लिहिलं, ते खोटं. खसखस मातीवर नुसती भुरभुरायची, हे तूच शिकवलंस. पण पाखरं टिपतील या भीतीनं मी वर चार बोटं माती ओढली. एक रोप उगवलं नाही. मालकाला रोज "येईल, येईल" म्हणतो.

धाकट्या, आईला हे तूच वाचून दाखवणार. किडीचं वाक्य गाळू नकोस, ती हसेल. आणि तुझ्या हातची दोन बोंडं पाठव. फडक्यात घट्ट बांध, वरच्या भोकांतून बी सांडतं. तुला कुठलं माहीत असणार!

आईचा आणि तुझाही,
थोरला