आजोबांचं वादळ

३ मार्च
आजपासून आयुष्याला दिशा! भरतीने किनाऱ्यावरची वाळू खरवडून नेली आणि खाली आजोबांचं जहाज निघालं. म्हणजे फासळ्या निघाल्या. लाकडी, मालवाहू, कौलं भरलेलं, आणि आजोबा त्याचे कप्तान. ते भीषण वादळात फुटलं, हे मी लहानपणापासून सांगत आलोय. आता साद्यंत इतिहास लिहिणार. रोज पहाटे पाच पानं. विमा कंपनीत क्लेम तपासण्यात हयात गेली माझी; पुरावा म्हणजे काय, हे मला कोणी शिकवू नये.

४ मार्च
पहाट हुकली. संध्याकाळी लिहीन.

६ मार्च
जहाजाची मापं घ्यायला गेलो. बायकोची शिवणाची टेप लाटेने नेली. चप्पलही. डावी. बायको म्हणाली, त्यापेक्षा आत्याला विचारा ना, आजोबांची सख्खी मुलगी आहे ती. हिला संशोधनातलं काय कळतंय! आत्या नव्वदीची. बोलायला लागली की थांबत नाही. शिवाय मला अजून ढब्बू म्हणते. इतिहासकाराने अशा घरी जाऊ नये.

११ मार्च
विजय! ग्रंथालयाचे सेक्रेटरी जहाजापाशी फलक लावायला तयार. ‘भीषण वादळात शेवटपर्यंत सुकाणू न सोडणारा वीर’ हा मजकूर माझाच. अनावरणाचं भाषणही माझंच. मेहुण्याला मुद्दाम फोन करून सांगितलं. तुमच्या घरात सांगण्यासारखं कधी काही घडलंच नाही, असं तो एकदा जेवताना म्हणाला होता. ते मला फार लागलंय. आता ये म्हणावं.

१५ मार्च
हवामान खात्याकडून जुनी नोंद आली. जहाज फुटलं त्या दिवशी: आकाश निरभ्र, वारा मंद, समुद्र शांत. कागद उलटा करून ठेवला. मग डोक्यात प्रकाश पडला. वादळ इतकं अचानक आलं, की खात्याला पत्ताच लागला नाही! हा मुद्दा टाळ्या घेणार.

१८ मार्च
सेक्रेटरींची शंका: त्या जहाजातली कौलं आजही निम्म्या गावाच्या छपरांवर धडधाकट आहेत, वादळात हे कसं जमलं? म्हटलं, आजोबांनी एकेक करून वाचवली असणार. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. भारावले असावेत. (क्लेममध्ये असं कोणी लिहिलं असतं तर मी फाईल तोंडावर फेकली असती. पण ते लोक खोटारडे होते.)

२० मार्च
ग्रंथाची प्रगती: अर्पणपत्रिका झाली.

२२ मार्च, सकाळ
आज अनावरण! कडक इस्त्री. तोंडाने वाऱ्याचा आवाज काढायची प्रॅक्टिस केली. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. बायकोने परस्पर आत्याला बोलावलंय. येऊ दे, म्हातारी धन्य होईल.

२२ मार्च, संध्याकाळ
‘डोंगराएवढ्या लाटा’ इथवर आलो होतो. पहिल्या रांगेतून आत्या म्हणाली, ढब्बू, कसल्या लाटा रे? समुद्र ताटासारखा सपाट होता. माझी आई सांगायची, तिचं नवीन लग्न झालेलं. बाबांनी कबूल केलं होतं, जहाज घरासमोरून जाताना तुला हात करीन. आई दारात उभी. तिने खूण केली, दिसत नाही. बाबा जवळ आले. तिने पुन्हा मान हलवली, नाहीच दिसत. आणखी जवळ आले. असं करत करत जहाज वाळूत रुतलं.

मी म्हणालो, पण सुकाणू तर सोडलं नाही ना? आत्या म्हणाली, सोडलं म्हणून तर दोन्ही हात हलवता आले! आईला पहिल्यापासून दिसत होतं, तिला गंमत वाटत होती. ओहोटीला गावाने चालत जाऊन कौलं उतरवली. मालकाने बाबांना पुन्हा जहाज दिलं नाही. आई म्हणायची, बरंच झालं, घरी राहिले.

लोक हसून हसून खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. मेहुणा उभा राहून टाळ्या वाजवत होता. आत्यासाठी.

२३ मार्च
फलकाचा नवा मजकूर आत्या सांगणार. मी निषेध नोंदवला. मनात.

जेवताना बायकोने विचारलं, अहो, तुम्ही आणलं असतं का जहाज एवढं जवळ? मी म्हणालो, आधी पाण्याची खोली मोजली असती. ती ताट घेऊन उठली. उत्तर नियमाला धरून होतं. तरी पान अर्धंच टाकलं.

मग अंगणात गेलो. ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी भांडी घासत होती. मी हात केला. दोन्ही.

तिने खिडकी उघडून विचारलं, डास फार झालेत का?