‘नि’ खुणेची पोती

३ मार्च
काम मिळालं आणि खोलीही, एकाच दिवशी. प्राचार्यांच्या टेबलावर ओळखपत्र आपटून कॉलेज सोडलं, तेव्हा वडील म्हणाले होते, आता तुला दारात कोण उभं करतं ते बघतो. बघा म्हणावं. कारखाना शेंगदाण्यांचं लोणी करतो, पावाला लावायचं. मी कोठीत. पोती उतरवायची, थप्पी लावायची. खोली मावशींच्या घरात, जिन्याखालची, माझ्यापेक्षा चार बोटं आखूड. मावशी म्हणजे घरमालकीण, शिवणकाम करतात. त्यांची मुलगी वाचनालयात कामाला आहे. दार तिनंच उघडलं. माझी एक पिशवी बघून विचारलं, सामान एवढंच, की मागून ट्रक येतोय. उत्तर अजून शोधतोय.

७ मार्च
कोठीवाले काका मला ‘अर्धं कॉलेज’ म्हणून हाक मारतात. कोठीच्या टोकाला जाळीची खोली आहे, तिला कुलूप. प्रयोगशाळेतला माणूस नमुने घेऊन जातो, मग काही पोत्यांवर काका खडूनं ‘नि’ लिहितात आणि ती आत ठेवायला लावतात. ‘नि’ म्हणजे काय, विचारणार होतो. तेवढ्यात काका सगळ्यांसमोर म्हणाले, काही अडलं तर विचार हो, अर्धं कॉलेज, लाजू नकोस. डोकं सणकलं. नाही विचारलं. आणि विचारायचं काय त्यात? दाणे टपोरे, तपासलेले, कुलपात ठेवलेले. नि म्हणजे निवडलेले. किल्ली तिथंच खिळ्याला असते.

११ मार्च
मावशी सांगत होत्या, मागच्या तापानंतर मुलीच्या अंगावर मांस चढेना, डॉक्टरांनी दाणे खायला सांगितलेत. मी आज कुलपातले डबाभर आणले. कारखान्याकडून मिळतात म्हणून सांगितलं. एका दाण्याच्या पोटात हिरवट पूड होती, झटकून टाकली. ती म्हणाली, थोडे कडवट लागतात. मी म्हटलं, भारी मालाची चव अशीच असते. तिनं विचारलं, हे कॉलेज सोडायच्या आधी शिकवलं की नंतर. दुसरं कुणी असतं तर भांडलो असतो.

२० मार्च
आता रोज आणतो. मावशी भाजतात, दोन वाट्या करतात. माझी वाटी मी तिच्यापुढे सरकवतो. ती म्हणते, घोड्याला चारतात तसा चारतोस मला. आज वाटी परत माझ्याकडे ढकलली, मी पुन्हा तिच्याकडे. चार वेळा. शेवटी तिनं खाल्ले आणि वर न बघताच म्हणाली, तू आहेस ते बरं आहे. कोठीतली दीडशे पोती आज एकट्यानं उचलली असती.

२९ मार्च
तिला मळमळतंय. जेवण जात नाही. दाणे तेवढे खाते, मी आणलेत म्हणून. ताकद कमी पडते, जरा वाढवा, असं मीच मावशींना म्हटलं.

२ एप्रिल
तिचे डोळे पिवळे झालेत. दवाखान्यात ठेवून घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणतात यकृत सुजलंय, पण काविळीच्या एकाही विषाणूचा पत्ता नाही. काय खाल्लं, कुठलं औषध घेतलं, मावशींना तीनदा विचारलं. मावशी म्हणाल्या, बाहेरचं काही नाही हो, सगळं घरचंच.

४ एप्रिल
कारखान्यामागच्या भट्टीत ‘नि’ची पोती जाळत होते. माणसांच्या तोंडाला फडकी. मी काकांना म्हटलं, निवडलेला माल जाळताय होय. काका म्हणाले, निवडलेला कसला, निकामी तो. बुरशीचं विष असतं त्यात, वरून दिसत नाही, भाजून जात नाही, माणसाचं यकृत पोखरतं. म्हणून तर कुलूप. मग माझ्याकडे बघून म्हणाले, बस बाळा, खाली बस आधी. अर्धं कॉलेज म्हणाले नाहीत.

५ एप्रिल
घरचा डबा संडासात ओतला. मग डॉक्टरीणबाईंच्या दारापर्यंत गेलो. मावशी बाकावर होत्या. म्हणाल्या, पोटच्या पोरासारखा राबतोयस रे. परत फिरलो. उद्या सांगतो.

६ एप्रिल
नाही सांगितलं. तिनं मला ओळखलं नाही. पुस्तक परत आणलंत का, विचारत होती. अहोजाहो करून.

७ एप्रिल
सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती दिवस खात होती. सांगितलं. तुला कधी कळलं? म्हटलं, तीन दिवस झाले. त्यांनी तेही लिहून घेतलं. तीन दिवस. एवढंच मोठ्यानं म्हणाल्या आणि फोनकडे गेल्या.

८ एप्रिल
यकृत बदलावं लागेल. मावशी म्हणाल्या, माझं घ्या, लागेल तेवढं घ्या. तपासलं. त्यांचंही सुजलंय. तिला जायचे नाहीत ते दाणे मावशी खायच्या, वाया कशाला म्हणून—
माझं तपासलं. स्वच्छ आहे, अगदी स्वच्छ. रक्तगट जुळत नाही.
मावशी विचारत राहिल्या, आम्हा दोघींना एकदम कसं झालं रे. दोघींनाच कसं. मी—
सांगितलं त्यांना.

९ एप्रिल
मावशी आणि मी कालपासून एकाच बाकावर आहोत. मी उठलो तर पळालो असं होईल.

दुपार
नर्स आली. तिला शुद्ध आलीय, मला बोलावतेय. मावशींना नाही, मला. शुद्ध फार वेळ टिकणार नाही, लगेच चला म्हणते.
उठलो. मावशींनी डावं मनगट धरून परत खाली बसवलं. बघत नाहीत माझ्याकडे, धरलंय फक्त. म्हटलं, मावशी, सोडा. दोनदा म्हटलं. नखं रुतलीयत. हिसडा कसा देऊ, त्यांना— वही मांडीवर, उजव्या हातानं हे— निदान कुणीतरी तिला सांगा मी दारातच
नर्स पुन्हा आली. धावत. म्हणते, आता येताय की