वरची पळी

बारामती
शनिवार

प्रिय अविराज,

'प्रिय' हा शब्द रीतीपुरता आहे. आधी घडलं ते क्रमाने लिहिते, म्हणजे त्यावर वाद नको.

१. मागच्या दिवाळीसाठीच्या साबणाचा शेवटचा घाणा वरकुट्याला तुमच्या शेडमध्ये झाला. मी तिथे नव्हते. तू आणि तुझी आई, छबूमावशी, होतात.
२. कॉस्टिक सोडा मावशींनी तोलला. काट्यावर आकडा बरोबर आला. त्यानंतर त्यांनी एक पळी वर घातली. तू ते पाहिलंस.
३. साबण न तपासता विकला गेला. बराचसा आमच्या सोसायटीत, माझ्या आईच्या शब्दावर.
४. नरक चतुर्दशीला तो साबण ज्यांनी लावला, त्यांची कातडी पोळली.
५. चूक माझ्या हिशेबात होती, असं तू सगळ्यांसमोर सांगितलंस.
६. मावशींना खरं काय ते आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही.

पहिल्या पाच गोष्टी होऊन गेल्या, त्या बदलत नाहीत. पत्र सहाव्यासाठी आहे. मेसेज केला असता, पण माझे मेसेज तू वाचून तसेच ठेवतोस. हा कागद तुझ्या बहिणीची मैत्रीण सोनल तुझ्या हातात देईल.

सुरुवात मेणबत्त्यांपासून झाली, हे तुला आठवत असेल. आईच्या स्वयंपाकघरात, गॅसवर एका पातेल्यात पाणी आणि त्यात दुसरं पातेलं. सोयाच्या मेणाचे दाणे साबुदाण्यापेक्षा थोडे मोठे, पांढरेफटक. ते हळूहळू पातळ होताना तू वाकून बघत राहायचास आणि मी थर्मामीटर धरून उभी. सुगंधी तेल फार गरम मेणात घातलं तर उडून जातं, फार गार झाल्यावर घातलं तर मिसळत नाही. मधल्या त्या थोड्या वेळात तू बोलत असायचास आणि मी तुला गप्प करायचे. बारामतीच्या उन्हाळ्यात मेणबत्त्यांना घाम सुटला, अंगावर तेलाचे थेंब आले, तेव्हा माझी पहिली संपूर्ण बॅच वाया गेली. तू ती फेकू दिली नाहीस. आपल्या गावात मेणबत्तीला सुद्धा घाम फुटतो, असं सगळ्यांना सांगत फिरलास. तेव्हा मला ते विनोदी वाटलं होतं.

साबण सुरू केला तेव्हा आईचं स्वयंपाकघर अपुरं पडलं. ढोबळी मिरचीचा हंगाम संपून तुमचं पॅकिंगचं शेड रिकामं होतं, म्हणून आपण वरकुट्याला गेलो. मावशी पहिल्याच दिवशी पदर खोचून आत आल्या. त्यांना काही सांगायला मला संकोच वाटत होता, पण त्यांनी सगळं विचारून घेतलं. ॲल्युमिनियमचं भांडं का नको, कॉस्टिक पाण्यात सोडायचं, पाणी कॉस्टिकवर का ओतायचं नाही, हातमोजे का. एकदा सांगितलेलं त्या विसरल्या नाहीत. खोबरेल, शेंगतेल आणि एरंडेल एकत्र घुसळताना मिश्रण कधी आळलं हे त्यांना माझ्याआधी कळायचं. "आता रेघ उठली बघ," म्हणायच्या, आणि खरंच उठलेली असायची.

फक्त तोलणं त्यांच्याकडून कधी काटेकोर झालं नाही. आयुष्यभर त्यांनी वांगी, गवार, मिरची आठवडी बाजारात स्वतः बसून विकली. त्यांच्या हिशेबात किलो म्हणजे किलो आणि वर दोन मिरच्या. "काटा नुसता सरळ ऱ्हायला की गिऱ्हाईकाच्या मनात राहतंय बघ," असं त्या मला समजावून सांगायच्या, जणू मीच शिकाऊ. मेणबत्तीची पणती त्या काठोकाठ भरायच्या. सुगंधी तेलाचं एक टोपण जास्तच पडायचं. त्याने काही बिघडत नव्हतं. मेणाच्या वर तेलाचा तवंग यायचा, मी तो टिपून घ्यायचे. मी हे तुला दोनदा सांगितलं. तू हसलास. म्हणालास, "आईला मोजायला लावू नको, आशू. तिला वाटायला लाव."

कॉस्टिकच्या बाबतीत मी हसण्यावारी नेलं नव्हतं. तुम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, की तेलाला लागेल त्यापेक्षा थोडं कमीच कॉस्टिक मी धरते, म्हणजे थोडं तेल साबणात मोकळं राहतं आणि कातडीला मऊ लागतं. झुकतं माप मी आधीच दिलेलं आहे, तेलाच्या बाजूने. दुसऱ्या बाजूला एक पळी पडली तर ते तेल संपतं आणि उरलेलं कॉस्टिक माणसाचं अंग खातं. तू मान डोलावलीस. मावशी म्हणाल्या, "व्हय, समजलं." मला वाटतं त्यांना समजलं होतं. पण ऐन वेळी हात डोक्याला विचारत नाही. म्हणून मी असेन तेव्हा कॉस्टिक मीच तोलायचे.

त्या दिवशी मी नव्हते, कारण आमच्या अप्पांना तपासणीसाठी पुण्याला न्यायचं होतं. मी फोनवर तुला सांगितलं होतं, की घाणा करा, पण वड्या कापल्यावर एक माझ्याकडे पाठव, मी तपासल्याशिवाय बांधू नका. तू हो म्हणालास. ती वडी आली नाही. खोकी मात्र आली, आणि मी बघायच्या आत घरोघर गेली. छापील पट्टीवर आपल्या दोघांची नावं होती.

दिवाळीच्या पहाटे वरच्या मजल्यावरच्या द्वारकाबाई खाली आल्या. उटणं झाल्यावर नवा साबण लावायची त्यांच्या घरची रीत, तशी आमच्याही घरची. त्यांच्या मानेवर आणि काखेत लालभडक चट्टे होते. "विमल, अंग नुसतं पेटलंय गं," एवढं आईला म्हणून त्या खुर्चीवर बसल्या. माझ्या आईचे हात तोपर्यंत कोपरापर्यंत लाल झाले होते, ती कुणाला दाखवत नव्हती. बाहेर फटाके वाजत होते आणि मी एकेका दारात जाऊन सांगत होते, की साबण लावू नका, लावला असेल तर थंड पाणी ओतत राहा. परत आल्यावर मी एक वडी तपासली. मग तुला फोन केला. तू म्हणालास, "आईनं वरनं पळीभर टाकलं होतं, मला वाटलं एवढ्यानं काय होतंय."

भाऊबीज झाल्यावर सोसायटीतले लोक आमच्या हॉलमध्ये जमले. तुम्हीही आलात, तू, तुझे तात्या आणि मावशी. मावशींनी सोबत वांगी आणली होती, पिशवी मांडीवर धरून बसल्या होत्या. मला वाटलं होतं की तू बोलशील. तू बोललास. "फॉर्म्युला अश्लेषाचा होता. ग्रॅमचा हिशोब तिचाच. आम्ही आपलं तिनं सांगितलं तसं केलं." अप्पा माझ्याकडे बघत होते. मावशीही माझ्याकडेच बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर माझ्यासाठी खरोखरची काळजी होती. तिथे मी तोंड उघडलं असतं तर ते त्यांच्यावर पडलं असतं, वांग्यांची पिशवी मांडीवर असताना. मी गप्प बसले. तू ते आधीच गृहीत धरलं होतंस, हे मला नंतर कळलं.

खाली पिकअपपाशी मी तुला विचारलं. तेव्हा तू जे म्हणालास ते मी जसंच्या तसं लिहिते. "आईला कळलं तर ती परत कशाला हात लावायची न्हाय. तू शिकलेली हायेस, तुला काय, दुसरं काय बी मिळंल." तू हे चिडून बोलला नाहीस. समजावून बोललास. म्हणजे बदनामी कुणाला परवडते याचा हिशेब तू आधीच करून आला होतास, आणि तो माझ्या नावावर बसला.

अप्पांनी मला एकदाच विचारलं. तुझी चूक होती का? मी म्हटलं, मोजण्यात चूक झाली. ते खरं होतं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, पण त्यानंतर माझ्या नोकरीबद्दल, कामाबद्दल ते काही विचारेनासे झाले. मी आता एका दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत आहे. दिवसभर तपासण्याच करते. घरी त्याबद्दल बोलणं होत नाही. आपल्या लग्नाची बोलणी तात्यांनी पुढे ढकलली ती ढकललीच, त्याचं कारण आमच्याकडे कुणाला सांगावं लागलं नाही.

जानेवारीत मावशी मला भाजी मंडईत भेटल्या. गर्दीत त्यांनीच हाक मारली. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "शिकलेलं माणूस बी चुकतंय, पोरी. मी मनात न्हाय ठेवलं." मग माझ्या पिशवीत गवार घातली, तोलून, आणि वर एक मूठ. मी घरी आले आणि ती गवार कितीतरी वेळ ओट्यावर तशीच पडून राहिली. तू माझ्याशी जे केलंस त्याचा राग मी मोजून बाजूला ठेवू शकते. पण त्यांनी मला माफ केलं, ते मला कुठे ठेवावं हे अजून कळलेलं नाही.

तुला वाटेल की माझं नाव मोकळं करावं म्हणून हे लिहिते आहे. तसं नाही. माझ्या नावाचं आता काही करायचं नाही. गेल्या रविवारी सोनल सुप्रियाला आणि बाळाला बघायला तुमच्याकडे आली होती. सुप्रियाला मुलगी झाली हे मला तिच्याकडून कळलं. तुझ्या बहिणीचं अभिनंदन कर. निघताना मावशींनी सोनलला साबणाची एक वडी दिली. नवा घाणा आहे, शेडमध्ये रांगेत वाळतोय, अजून विकायला काढलेला नाही. बाळाला सध्या डाळीच्या पिठाने अंघोळ घालतात, येत्या गुरुवारी सव्वा महिना पुरा झाला की हा साबण लावायचा, असं त्यांनी तिला सांगितलं. आणि पुढे म्हणाल्या, "माज्या नातीसाठी केलाय, हात आखडता न्हाय घेतला." ती वडी सोनलने मला दिली. मी ती कापून आतल्या बाजूला मोकळं कॉस्टिक दाखवणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनच्या द्रावणाचा थेंब टाकला. चांगल्या साबणावर फार तर फिकट छटा येते. हा थेंब गडद गुलाबी झाला आणि तसाच राहिला. दिवाळीच्या वडीपेक्षा गडद.

काहीतरी निमित्त काढून हा घाणा तू गुपचूप फेकून देशील, हे मला दिसतंय. तसं करू नकोस. त्या पुढच्या महिन्यात पुन्हा करतील, तशाच प्रेमाने आणि तशाच वरच्या पळीने, कारण चूक माझी होती हे त्यांना तू सांगितलं आहेस आणि आता मी तिथे नाही. त्यांना समोर बसवून काय झालं ते सांग. त्या रडतील. रडू दे. सांगितलंस की नाही, ते मला बुधवारी संध्याकाळपर्यंत कळव. तुझं काही आलं नाही तर गुरुवारी सकाळी बाळाच्या अंघोळीआधी मी वरकुट्याला येऊन स्वतः सांगेन.

अश्लेषा