पंधरावा पाव

कास्त्रो व्हेल्यो,
१२ जून २००८

चि. लुसीलियास,
अ. उ. आ.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मी तुला, म्हणून कागदच बरा. इकडे सगळं ठीक. अंजीर यंदा लगडलाय. शेजारच्या झुल्मिराचा गुडघा तुझ्या गुडघ्यापेक्षा जास्त दुखतो, असं ती शेजारीपाजारी अभिमानाने सांगते.

उत्सवाची धांदल सुरू झालीय. यंदाचं बारावं वर्ष. ऑगस्टात चार दिवस गाव पुन्हा क्रूसवाल्या शिलेदारांचं होणार. नगरपालिकेने लिस्बनहून एक सल्लागार आणलाय. त्याचा हुकूम असा की वेशीच्या आत मनगटी घड्याळ नको, चेनची पर्स नको आणि चष्मासुद्धा नको, कारण आठशे वर्षांपूर्वी गावात चष्मे नव्हते. मी म्हटलं, सल्लागार तरी कुठे होते? तो काही हसला नाही. तुझा धर्मलेक वाश्को नगराध्यक्ष झाल्यापासून शिलेदारांचा सरदारही तोच होतो. आजवर मी लोकरीचं विणून चंदेरी रंग फासलेलं चिलखत घालायचा, यंदा भाड्याने खरं लोखंड येतंय. वर घोडा!

आता मुद्द्याचं. शेवटच्या दिवशीचा प्रवेश तुला पाठ आहे. सरदार आपल्या आळीच्या भट्टीपुढे येतो, पंधरा पावांमागे एक आपल्या हक्काचा म्हणून मागतो आणि मी गरीब बाई होऊन मान खाली घालून देते. यंदा पावाबरोबर भट्टीची किल्लीही द्यायची ठरलीय. खोटी नव्हे, माझ्या गळ्यातली. लोकांनी टाळ्या वाजवायच्या आणि सप्टेंबरपासून भट्टीत लिस्बनच्या एका कंपनीने ‘शिलेदारांची खानावळ’ काढायची. आपल्या आईने जिथे जन्मभर पीठ मळलं तिथे पर्यटक बिअर पिणार आणि आळीने दुकानातला स्पंजासारखा पाव खायचा.

अकरा वर्षं मान खाली घातली, कारण ते नाटक होतं. नाटकाच्या आडून खरं मागत असतील, तर मीही खरं ‘नाही’ म्हणणार. पहिल्या वर्षीची छापील पत्रिका मी पिठाच्या पेटीच्या तळाला अंथरली होती, ती झटकून वाचली. जुन्या सनदेच्या दोन ओळी आहेत तिच्यात. पंधरावा पाव शिलेदारांचा, ही पहिली. भट्टीला लाकूड आणि छप्पर शिलेदारांनी द्यायचं, ही दुसरी. नाटकात पहिली तेवढी घेतली. वा रे इतिहास!

तू दरवर्षीसारखी ये. तुझी खाट उन्हात टाकून ठेवते. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
ग्रासिएत


लक्झेंबर्ग,
२९ जून २००८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग झोप उडाली. ताई, तू कोणाशी पंगा घेते आहेस? वाश्कोला बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातात धरलंय. त्याची आई अल्झिरा गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, आणि तुझ्याच भट्टीच्या पायरीवर पाव खात बसायचा, हे तू विसरलीस का?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आठव. लिस्बनचा मंत्री गाडीत बसलेला, आणि चौकात मी दिसताच वाश्को गाडी थांबवून खाली उतरला. हाताचं चुंबन घेऊन, सगळ्या गावादेखत आशीर्वाद मागितला. हल्ली कोण करतं असं? इथे मी ज्यांच्या जिन्याच्या फरश्या पुसते ते मला ‘नमस्कार’ही म्हणत नाहीत. अशा लेकराचा तू चारचौघांत पाणउतारा करणार?

त्याचा फोन आला होता. भट्टी शनिवारी पाच बायका पेटवतात, छप्पर खचलंय, खानावळीत चार जणांना काम मिळेल, असं म्हणाला. मला पटलं. आणि तुला मी गॅसची भट्टी घेऊन दिलीय ना? तिच्यात म्हणे तू मांजर झोपवतेस.

यंदा मी येत नाही. गुडघ्याचं निमित्त सांग. खरं सांगायचं तर तुम्हा दोघांच्या मध्ये उभं राहण्याची माझी छाती नाही. रागावलीस तरी माझ्यावरची माया तोडू नकोस.

तुझी,
लुसी


नगरपालिका, कास्त्रो व्हेल्यो,
१५ जुलै २००८

ती. धर्ममायस,
शि. सा. न. वि. वि.

तब्येत कशी आहे? गुडघ्याला ऊब देत जा. मी ठीक, फक्त उत्सवापायी जेवायलाही उसंत नाही.

ग्रासिएतमावशी ऐकत नाही. काल बाजारात, मासळीच्या रांगेत तिने मला सुनावलं की सरदाराला हवी असेल तर किल्ली त्याने गळा कापून न्यावी. लोक हसले. मीही हसलो, पण मला नगरपालिका चालवायची आहे. तिने किल्ली दिली नाही तर सोमवारी कुलूप तोडावं लागेल. अहो, ती भट्टी आता पाच म्हाताऱ्यांची करमणूक आहे, दुसरं काय?

एक विनंती. यंदा तुम्ही येणार नाही असं कळलं. ते बरंच झालं. मनात आलं तरी येऊ नका. तुम्ही गावात असलात की मावशीला चेव येतो, आणि दूरदर्शनवाले येणार आहेत. नाताळात निवांत या, मी स्वतः न्यायला येईन.

आशीर्वाद असू द्यावा, एवढंच मागणं.

आपला धर्मलेक,
वाश्को


लक्झेंबर्ग,
२१ जुलै २००८

ताई, सा. न.

वाश्कोचं पत्र आलं. स्वतःच्या गावाला येऊ नकोस, असं मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. तीस वर्षं दुसऱ्यांचे जिने पुसले ते दर ऑगस्टात भट्टीच्या त्याच पायरीवर बसता यावं म्हणून. आणि तो मला म्हणतो, येऊ नका! पाच म्हाताऱ्या म्हणे. आता सहा मोज.

माझा जाड्याभरड्या कापडाचा घागरा काढून ठेव, कमरेला चार बोटं उसव. कोणाला बोलू नकोस. झुल्मिराला तर नाहीच नाही.

लुसी


कास्त्रो व्हेल्यो,
१४ सप्टेंबर २००८

चि. लुसीलियास,
अ. उ. आ.

उत्सव संपल्यावर सोमवारी बसमध्ये चढताना तू म्हणालीस की रविवारचं तुला धड काही आठवत नाही, नुसतं कानात भरून राहिलंय. म्हणून लिहिते. पत्र जपून ठेव.

पाच वाजता वाश्को आला. मागे चाळीस शिलेदार, समोर गाव आणि परगाव मिळून मुंगीला वाट नाही अशी गर्दी. घोड्यावरून त्याने पाव मागितला, किल्ली मागितली. मी एप्रनच्या खिशातून चष्मा काढून नाकावर चढवला. सल्लागार कोपऱ्यातून हातवारे करत होता. मग पत्रिका काढली आणि दुसरी ओळ मोठ्याने वाचली. लोकांना वाटलं, नाटकच आहे. टाळ्या पडल्या. वाश्कोने शिरस्त्राणाची झडप खाली ओढली आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने.

तेव्हा तू भट्टीच्या दारातून बाहेर आलीस, कोपरापर्यंत पीठ. नुसती उभी राहिलीस.

झुल्मिरा म्हणते की त्याने लगाम असा खेचला की घोडा दोन पावलं मागे गेला. धर्ममाय समोर असताना धर्मलेक घोड्यावर बसून राहिला, असं या गावात कधी झालेलं नाही. सल्लागार त्याला बसून राहायला खुणावत होता. ते लोखंड घालून उतरायला दोन माणसं आणि एक स्टूल लागतं. तो स्टुलाशिवाय उतरला. पडलाच म्हण ना, सगळी भांडी फडताळातून कोसळावीत तसा आवाज झाला. शिरस्त्राण काढून एका गुडघ्यावर आला आणि धर्ममाय, आशीर्वाद द्या, म्हणाला.

आणि तू हात पाठीमागे नेलास! लुसी, आपल्या सात पिढ्यांत कोणी आशीर्वाद अडवला नसेल. तू एवढंच म्हणालीस, की आधी दुसरी ओळ. त्याच्या कपाळावरून घाम टपकत होता. तो हळूच म्हणाला, की लाकूड देईन, छप्पर घालीन, किल्ली मावशीकडेच राहील, पण आता हात द्या. घड्याळाला बंदी होती, पण त्याच्या छातीवर माईक होता. सगळ्या गावाने ऐकलं, दूरदर्शनने ऐकलं. मग तू हात दिलास आणि देव तुझं भलं करो म्हणताना हमसून रडलीस. पाव मी तेव्हाच त्याच्या हातात ठेवला. पहिली ओळही खरीच आहे की.

पुढचं तुला माहीत नाही. एक तारखेला कंपनीची गाडी आली आणि हात हलवत परत गेली. खानावळ आता जुन्या गोदामात निघतेय, चार जणांचं काम शाबूत. तीन तारखेला पालिकेने लाकूड धाडलं, निलगिरीचं, ओलं. मी परत पाठवलं आणि कळवलं की भट्टीला डोंगरावरची सुकी झुडपं लागतात, हे आठशे वर्षांपूर्वीच्या सरदारालाही ठाऊक होतं. पाचला झुडपं आली. काल सुतार छपरावर चढला.

आणि काल शनिवारीच, भट्टी लागल्यावर, वाश्को स्वतः आला. झगा नाही, तलवार नाही. नाकावर चष्मा. मी कणकेवर क्रूस काढून देव वाढवो म्हणत होते. पंधराव्या पावावर मी, अल्झिरा आपला पाव ओळखू यावा म्हणून करायची ती खूण केली होती, तीन बोटांचे खड्डे. ती गेल्यापासून ती खूण भट्टीत गेली नव्हती. त्याने ती पाहिली. चष्मा काढून पुसत बसला बराच वेळ, आणि हा पाव सगळ्यांआधी मिळेल का, म्हणून विचारलं.

मी म्हटलं, पंधरावा आहे. आधीचे चौदा निघू देत.

तो लहानपणीच्या त्याच पायरीवर बसला आणि थांबला.

नाताळात ये. तुझा घागरा चार बोटं उसवलेलाच ठेवलाय. माझ्यावरची माया कमी झाली तर सांग, जास्त झाली तर आपली आपल्याकडेच ठेव.

तुझी,
ग्रासिएत